'पॅन आउट' म्हणजे नक्की काय? (आणि माझा शनिवार-रविवार कुठे गेला)

बावचळलेला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालं असं की ऑफिसात एका कामासाठी दुसऱ्या टीमशी बोलणी चालली होती, त्यांचं तयार सॉफ्टवेअर आम्ही वापरायचं असं साधारण ठरत होतं. मी मॅनेजर मॅडमना मेल टाकला की त्यांच्याकडून अजून काही कळलं नाही, पुढे काय करायचं. शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता त्यांचा एका ओळीचा रिप्लाय आला, 'लेट्स सी हाउ इट पॅन्स आउट.' बास, एवढंच.

तीनदा वाचलं. पॅन? मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मॅडमनी घाईत टाइप केलंय, एल राहिलाय, त्यांना 'प्लॅन्स आउट' म्हणायचंय, म्हणजे मला प्लॅन करून मागतायत. झालं. शनिवार-रविवार बसलो, समजा ते सॉफ्टवेअर मिळालं नाही तर आपलं आपण कसं बनवायचं, कोण काय करणार, किती आठवडे लागणार, सगळं एक्सेलमध्ये, सहा शीट, रंगबिरंगी. रविवारी रात्री साडेअकराला पाठवलं आणि वर शहाणपणा असा की खाली लिहिलं, 'बाय द वे, देअर वॉज अ स्मॉल टायपो इन युवर मेल, द एल इज मिसिंग.'

सोमवारी उत्तर आलं. एक हसरा चेहरा आणि 'नो टायपो'.

मग डिक्शनरी उघडली. तिथे 'यशस्वी होणे' असा अर्थ दिलाय. पण मग 'बघू ते कसं यशस्वी होतं' असं त्या म्हणाल्या का? तसं तर वाटत नाही, त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. कुणी नीट सांगेल का हे प्रकरण काय आहे?

उगाचच

द एल इज मिसिंग!! मॅडमनी प्रिंट काढून डेस्कवर लावलं असणार. फिदीफिदी.

आळशी_अळी

हसू नका हो त्याला, मी कित्येक वर्षं हे 'पेन आउट' समजत होते, म्हणजे पेनाने लिहून काढणे. वाचतेय, उत्तराची वाट बघतेय.

शब्दकिडा

बावचळलेला, डिक्शनरी चूक नाही आणि तुमची शंकाही चूक नाही, कारण या क्रियापदाचे दोन चेहरे आहेत आणि छोट्या डिक्शनऱ्या एकच छापतात.

पहिला चेहरा, मागेपुढे काही न जोडता नुसतं आलं की अर्थ 'जमलं' असा चांगला. 'द डील पॅन्ड आउट' म्हणजे डील झालं, मनासारखं झालं. 'डिडन्ट पॅन आउट' म्हणजे नाही जमलं.

दुसरा चेहरा, आधी 'हाउ' आलं की चांगलं-वाईट दोन्ही गळून पडतं, राहतं फक्त 'काय होतंय ते'. 'लेट्स सी हाउ इट पॅन्स आउट' म्हणजे बघू या काय होतंय, थांबू या. थोडक्यात मॅडम तुम्हाला सांगत होत्या की आत्ता काहीही करू नकोस. तुम्ही सहा शीट केल्यात.

आणि हे इंग्रजीचंच खूळ आहे असं समजू नका, मराठीत 'परिणाम' घ्या. 'काय परिणाम होतो बघू' म्हटलं तर परिणाम चांगला की वाईट काहीच माहीत नाही. पण 'बोललो त्याला, परिणाम झाला' म्हटलं की चांगलाच झाला असं आपण धरतो, 'काही परिणाम झाला नाही' म्हणजे उपयोग झाला नाही. शब्द तोच, वाक्यात बसला कसा त्यावर अर्थ. पॅन आउटचं तंतोतंत तसंच आहे.

बावचळलेला

बाप रे. परिणामचं उदाहरण वाचल्यावर एकदम ट्यूब पेटली, धन्यवाद. 'काहीही करू नकोस' वाचून मात्र पोटात गोळा आला.

वाचनवेडी

पण यात पॅन कुठला? तव्याचा आणि जमण्याचा काय संबंध? भाजून तयार झालं म्हणजे पॅनमधून आउट काढलं असं काही?

दगडगोटे

तवा नाही ताई, ही परात आहे, सोनं शोधायची. माझ्या विषयाचा धागा निघाला म्हणून मुद्दाम लॉगिन केलंय.

२४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात कोलोमा इथे अमेरिकन नदीच्या काठी सटरच्या लाकूड गिरणीचं काम चालू होतं, तिथे जेम्स मार्शल नावाच्या सुताराला पाण्याच्या पाटात सोन्याचे कण दिसले. बातमी फुटली आणि पुढच्या काही वर्षांत साधारण ३ लाख माणसं तिकडे धावली. १८४९ मध्ये आलेल्यांना तर 'फॉर्टीनाइनर्स' असं नावच पडलं. सुरुवातीला बहुतेकांकडे यंत्रबिंत्र काही नाही, एक फावडं आणि एक पसरट पॅन. नदीतली वाळू-खडी पॅनमध्ये घ्यायची, पाण्यात बुडवून हलवायची, तिरपं करून गोल फिरवायची, हलकी वाळू काठावरून वाहून जाते आणि जड ते तळाशी बसतं. सोन्याची घनता १९.३, वाळूची साधारण २.६५, म्हणजे सोनं त्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सातपट जड, म्हणून हा प्रकार चालतो.

तर 'पॅन आउट' हे मूळचं त्या खाणकाम्यांचं बोलणं. वाळू धुतल्यावर पॅनमध्ये सोनं उरलं तर ती जागा 'पॅन्स आउट वेल'. काहीच उरलं नाही तर पुढची जागा बघायची. काही वर्षांतच ते सोन्यावरून सुटलं आणि कुठल्याही बेताला, धंद्याला लागायला लागलं.

मी हे स्वतः केलंय कॉलेजात फील्डवर्कला असताना. बोटं बधिर होतात पाण्यात, कंबर धरते, आणि शेवटी तळाला बराच वेळ फक्त काळी वाळू दिसते, मॅग्नेटाइट, ती पण जड असते ना म्हणून ती सोन्याबरोबर शेवटपर्यंत चिकटून राहते. त्या काळ्यात पाणी हळूच फिरवायचं, एकदम कडेला एक पिवळा ठिपका मागे राहतो, मोहरीच्या दाण्याचा दहावा भाग असेल. तासाभरात तीन ठिपके मिळाले होते आणि आमचे सर म्हणाले आज नशीब जोरावर आहे तुमचं. तेव्हापासून कुणी 'लेट्स सी हाउ इट पॅन्स आउट' म्हटलं की मला ती काळी वाळूच दिसते, म्हणजे अजून फिरवतोय, उरतंय का काही माहीत नाही.

वाचनवेडी

काय सुंदर लिहिलंत! आता हा शब्द जन्मात विसरणार नाही. म्हणजे मग 'फ्लॅश इन द पॅन' पण तिथलंच ना? पॅनमध्ये काहीतरी चमकलं, सोनं वाटलं, बघितलं तर नाही.

उगाचच

चकाकतं ते सगळं सोनं नसतं. बसतंय बरोबर.

खडूस_मास्तर

बसत नाही. अगदी नेटवर सुद्धा जागोजागी ही थाप छापलेली आहे म्हणून लिहावं लागतंय. तो पॅन बंदुकीचा. जुन्या चकमकीच्या बंदुकीला बाजूला एक छोटी वाटी असे, तिला पॅन म्हणत, तिच्यात चिमूटभर दारू ठेवत. चाप ओढला की ठिणगी त्या दारूवर पडायची आणि तिथून आग भोकातून आतल्या मुख्य दारूपर्यंत जायची. कधीकधी वाटीतली दारू भक्कन पेटायची पण आतली पेटायचीच नाही, गोळी सुटायची नाही. नुसता उजेड. तो 'फ्लॅश इन द पॅन'. हा वाक्प्रचार कॅलिफोर्नियात सोनं सापडायच्या शंभराहून जास्त वर्षं आधी इंग्रजीत रुळलेला होता, तेव्हा हिशेबच जुळत नाही.

चमकण्यावरून गोष्ट रचणं सोपं असतं, साल बघणं कंटाळवाणं असतं. शिकवताना आयुष्यभर हेच सांगत आलो.

वाचनवेडी

मास्तर, कान पकडले.

कॅमेऱ्यामागचा

मास्तर आलेच आहेत तर माझीही एक तक्रार ऐकून घ्या. मी व्हिडिओ एडिटिंग करतो. क्लायंट मला दर दोन दिवसांनी सांगतात 'इथे जरा पॅन आउट करा'. त्यांना हवं असतं झूम आउट! पॅन म्हणजे कॅमेरा जागेवर ठेवून डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे वळवणं. त्यात आउट कुठून आलं? आउटला जाणार कुठे कॅमेरा?

शब्दकिडा

तुमचा पॅन तिसराच. तो 'पॅनोरमा'चा तुकडा. १८व्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने गोल दालनात भिंतभर चित्र लावून मधोमध उभं राहून चहूकडे बघायची सोय केली, त्यासाठी ग्रीकमधून 'सगळं' आणि 'दृश्य' जोडून हा शब्द बनवला. पुढे सिनेमावाल्यांनी त्याचं डोकं तेवढं ठेवलं. सोन्याच्या परातीशी नातं शून्य.

बाकी तुमचे क्लायंट सुधारणार नाहीत, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोकही सर्रास असं बोलतात.

कॅमेऱ्यामागचा

सुधारणार नाहीत हे मलाही माहितेय, फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

अनुवादिनी

धागा वाचून राहवलं नाही. मी अनुवाद करते आणि हे एक क्रियापद मला दरवेळी अडवतं, कारण डिक्शनरीतलं 'यशस्वी होणे' वाक्यात टाकलं की वाक्य सरकारी परिपत्रक वाटायला लागतं. मी आजवर काय काय वापरलं ते सांगते, पटत नसेल तर भांडा.

'हाउ' वाल्यासाठी 'बघू काय होतंय' यापुढे जायची गरजच नाही. जरा भारदस्त हवं असेल तर 'यातून काय निष्पन्न होतं ते बघू', पण हे बोलण्यात कुणी म्हणत नाही, बैठकीच्या इतिवृत्तात शोभतं.

नकारात मात्र मराठीकडे खजिना आहे. बेत असेल तर 'बारगळला'. 'द ट्रिप डिडन्ट पॅन आउट' ला 'ट्रिप बारगळली' यापेक्षा नेमकं काही सुचवा मला. खूप मेहनत करून काहीच हाती आलं नाही तर 'डोंगर पोखरून उंदीर निघाला', आणि हे तर जवळजवळ खाणीतलंच झालं. 'फिसकटलं' मात्र मी टाळते, कारण बोलणी फिसकटतात म्हणजे ठरत आलेलं मोडतं, काहीतरी बिनसतं, ते 'फेल थ्रू' ला चांगलं. पॅन आउट न होण्यात मोडतोड नसते, भांडण नसतं, धुतलं आणि उरलं नाही एवढंच.

होकारात माझं लाडकं 'जमून आलं'. नुसतं 'जमलं' नाही हां. 'जमलं' मध्ये मी जमवलं असा थोडा वास येतो, 'मला जमलं'. 'जमून आलं' मध्ये करणारा माणूस दिसतच नाही, गोष्ट आपली आपण येते. पॅन आउटमध्ये पण माणूस नसतो. 'आय पॅन्ड आउट' असं कुणी म्हणत नाही. प्लॅन पॅन आउट होतो, डील होतं, कल्पना होते.

आणि मला वाटतं ऑफिसच्या मेलांमध्ये हे इतकं आवडतं ते याच कारणासाठी. 'वुई फेल्ड' लिहिलं की कोण फेल झालं हा प्रश्न येतो. 'इट डिडन्ट पॅन आउट' लिहिलं की सगळे सुटले, बिचारी नदीच वाईट होती. आपण 'योग नव्हता' म्हणून सुटतो तसंच.

आळशी_अळी

'योग नव्हता' ला माझं मत! 'जमून आलं' पण झकास. आणि दगडगोटे म्हणतात तसं माती धुऊन सोनं काढणाऱ्यांना मराठीत शब्द आहे की, झारेकरी. सोनाराकडची राख-माती नेऊन धुवायचे आणि त्यातून कण काढायचे. आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द, आज कितीतरी वर्षांनी आठवला. फक्त आपण त्यावरून क्रियापद नाही केलं.

दगडगोटे

झारेकरी! वा. आता झारलं का झारलं नाही असं म्हणायला सुरुवात करू.

उगाचच

मुलाखत झारली का रे? नाही रे, नुसती काळी वाळू.

खडूस_मास्तर

अनुवादिनी, लेखन उत्तम, एका वाक्याला हरकत. माणूस कर्ता होत नाही हे सरसकट खरं नाही. 'द न्यू बोलर डिडन्ट पॅन आउट' असं खेळाच्या बातमीत बिनदिक्कत म्हणतात. नवीन घेतलेल्या नोकरदाराबद्दलही म्हणतात. मात्र तिथे माणसाकडे माणूस म्हणून बघत नाहीत, लावलेला डाव म्हणून बघतात, घेऊन बघितलं आणि उरलं नाही. म्हणून स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही, दुसऱ्याबद्दल म्हणतात, आणि त्याच्यासमोर म्हणू नये.

अनुवादिनी

मान्य मास्तर. डाव म्हणून बघतात हे फार नेमकं आहे. मराठीत मग 'तो काही चालला नाही'. तिथे 'जमून आला नाही' चालणार नाही.

नवशिका_२

मी कव्हर लेटरमध्ये 'आय पॅन्ड आउट मेनी प्रोजेक्ट्स सक्सेसफुली' असं लिहिलंय, आत्ता हा धागा दिसला. चुकलं का?? उद्या पाठवायचंय

खडूस_मास्तर

चुकलं, पण पाठवायच्या आधी विचारलंत हे उत्तम. याला कर्म लागत नाही. तुम्ही प्रोजेक्टला पॅन आउट करू शकत नाही, प्रोजेक्ट आपला आपण होतो किंवा होत नाही. आणि कव्हर लेटरमध्ये तुम्हाला 'मी केलं' हेच तर सांगायचंय, मग करणाऱ्याला लपवणारं क्रियापद का घेताय? 'कम्प्लीटेड' लिहा, 'डिलिव्हर्ड' लिहा.

अजून एक, घाईत 'माय प्रोजेक्ट्स वेअर पॅन्ड' असं करू नका. आउट काढलंत आणि 'वेअर' लावलंत की अर्थ होतो प्रोजेक्टवर सणसणीत टीका झाली. समीक्षक सिनेमा 'पॅन' करतात तो हा.

नवशिका_२

वाचवलंत सर, कम्प्लीटेड केलं

वाचनवेडी

मग 'वर्क आउट' आणि 'पॅन आउट' एकच का? मी आपली सगळीकडे वर्क आउट वापरते.

शब्दकिडा

बऱ्याच ठिकाणी अदलाबदल चालते, 'डिडन्ट वर्क आउट' आणि 'डिडन्ट पॅन आउट' मध्ये तसा उन्नीस-बीसचा फरक. पण वर्क आउटच्या पोटात बाकी बरंच आहे, गणित सोडवणं, जिममध्ये घाम गाळणं, दोघांचं पटणं-न पटणं. 'वुई डिडन्ट वर्क आउट' म्हटलं की दोघांचं फाटलं. आणि धीर द्यायला 'डोन्ट वरी, इट विल वर्क आउट' म्हणतात, होईल गं सगळं नीट. तिथे पॅन आउट टाकलं तर व्याकरण चुकत नाही पण धीर कमी होतो, कारण त्यात डाव खेळल्याचा वास आहे.

'टर्न आउट' ला शेपूट लागतं, टर्न्ड आउट वेल, टर्न्ड आउट टू बी रॉंग. 'प्ले आउट' म्हणजे नाटक उलगडावं तसं घडत जाणं, जिंकलं-हरलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बास, याहून जास्त लक्षात ठेवायला जाल तर बोलायचंच राहून जाईल.

बोलण्यावरून आठवलं, जोर 'आउट'वर द्यायचा, 'पॅन'वर नाही. भूतकाळ तर कानाला 'पॅन्डाउट' असा एकच शब्द ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पांडा काय करतोय मीटिंगमध्ये असं झालं होतं.

उगाचच

पांडा आउट. एल इज स्टिल मिसिंग.

आळशी_अळी

आम्ही हे कॉन्ट्रॅक्टमध्ये, अर्जात वगैरे लिहावं का?

अनुवादिनी

नको. मेल, चॅट, गप्पा, बातमी, लेख इथे बिनधास्त. शिवी नाही की गल्लीतलं नाही, बॉसलाही लिहिता येतं, पण सहीच्या कागदावर नको. अमेरिकेत जन्मलं तरी आता ब्रिटिशही वापरतात.

बावचळलेला

मंडळी, चार दिवस गायब होतो, कारण सांगतो.

त्या दुसऱ्या टीमने काल कळवलं की त्यांना सॉफ्टवेअर देता येणार नाही, त्यांच्याकडेच माणसं कमी आहेत. म्हणजे इट डिडन्ट पॅन आउट. (बरोबर वापरलं ना मास्तर?) आज सकाळी मॅडमचा मेल आला, पूर्ण टीमला, मला कॉपीत नाही तर थेट टू मध्ये. चार ओळी आहेत, पहिल्या तीन त्या टीमबद्दल, शेवटची अशी:

'सो नाउ वुई गो विथ द प्लॅन. विथ द एल.'

आणि खाली माझी ती सहा शीटची फाइल जोडलेली. टीममध्ये कुणालाच शेवटचं वाक्य कळलं नाहीये, तिघांनी येऊन विचारलं की विथ द एल म्हणजे काय, मी म्हटलं काय माहीत, टायपो असेल.

उगाचच

दंडवत.

खडूस_मास्तर

बरोबर वापरलंत.

दगडगोटे

पिवळा ठिपका! अभिनंदन. आता कुणीतरी 'पीटर आउट' वर धागा काढा, तोही खाणीतलाच म्हणतात, खनिजाची शीर बारीक होत होत संपते त्याला म्हणायचे. पीटर कोण ते मात्र मला विचारू नका.

आळशी_अळी

पीटरचा एल राहिला असेल.